बशीने झाकलेला कप

मी, नाव व पत्ता वर नोंदवल्याप्रमाणे, वय ५४ वर्षे, धंदा रेडिओ, टेप व ध्वनिसंच दुरुस्तीचा, दुकान राहत्या घराच्या खालीच, आज कोणी न बोलावता ठाण्यात येऊन समक्ष सांगतो की,

मयत हे माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही त्यांना दाजी म्हणत असू. ते मालट्रकवर चालक होते व दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. घरी ताई आणि दाजी दोघेच राहतात. राहत होते.

काल दुपारी चहाच्या वेळी दाजी घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये, आपल्या गाडीत चालकाच्या जागेवर मृतावस्थेत सापडले. गाडीचे इंजिन चालू होते. शटर खाली होते व त्याच्या फटींवर नव्या रबरी पट्ट्या बसवलेल्या होत्या. त्यावरून दाजींनी जिवाचे बरेवाईट करून घेतले असा ठाण्याचा समज झाला आहे. घरात भांडण झाले होते का, असे ताईला काल पुन्हा पुन्हा विचारण्यात आले. गल्लीतही कुजबुज सुरू झाली आहे. म्हणून मी आलो. दाजींनी आत्महत्या केलेली नाही. त्या पट्ट्या मी बसवल्या आहेत.

निवृत्त झाल्यावर दाजींनी एक अँप्लिफायर आणि दोन उंच स्पीकर घेतले. त्याहून वरचा माल माझ्या दुकानात कधी दुरुस्तीलाही आलेला नाही. घेऊ नका असे मी सांगितले होते. घरात जागा नव्हती, आणि धूळ पुसायला एक वस्तू वाढलेली ताईला खपत नाही, त्यामुळे संच गॅरेजमध्येच जाणार हे उघड होते. गॅरेज म्हणजे सिमेंटच्या भिंती, पत्र्याचे शटर आणि कोपऱ्यात जुने टायर. तिथे आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि जरा ठेका पडला की शटर खडखडते. मी म्हणालो, "दाजी, हा संच इथे लावणं म्हणजे अत्तर विहिरीत ओतणं आहे."

दाजी म्हणाले, "असू दे रे. आयुष्यभर केबिनमधल्या फुटक्या डब्यावर ऐकलं. आता एकदा नीट ऐकू दे की."

समोर उभी असलेली गाडी विकली असती तर त्या संचाचा एक स्पीकरही आला नसता. हे ताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून हसत असे.

दाजी खुर्चीत बसून ऐकत नसत. संच गाडीच्या तोंडासमोर मांडलेला होता. ते गाडीत चालकाच्या जागेवर बसत, काचा खाली करत, स्टिअरिंगवर हात ठेवत आणि इंजिन सुरू करत. मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. एवढा महागाचा संच कशासाठी घेतला, इंजिन ऐकायला का, असे मी विचारले. ते म्हणाले, "खालून घरघर नसली की गाणं अधांतरी वाटतं रे. नुसतं बसून मी कधी ऐकलंच नाही." त्या दिवसांत शटर अर्धे उघडे असे.

पुढे शेजारचे मास्तर येऊन सांगून गेले की ठेक्याने त्यांच्या फडताळातली भांडी वाजतात. ते भांडायला आले नव्हते. पण मला निमित्तच हवे होते. असा संच वाया चाललेला मला बघवत नव्हता. मी भिंतींना जाड गाद्या ठोकल्या, जमिनीवर सतरंज्या अंथरल्या, झरोक्यात फोमचा ठोकळा ठासून बसवला आणि शटरला चारी बाजूंनी पट्ट्या लावल्या. घरातून गॅरेजमध्ये उघडणाऱ्या दारालाही लावल्या. गेल्या रविवारी काम पुरे झाले. आम्ही दोघांनी शटर ओढून ऐकले, तर गाणारी बाई दोन ओळींच्या मध्ये श्वास घेते तोही ऐकू आला. दाजींच्या डोळ्यांत पाणी आले. मला माझ्या हाताचा फार अभिमान वाटला.

तेव्हा मी त्यांना बजावले, "आता इंजिन लावायचं नाही हं, दाजी." त्यांनी का म्हणून विचारले. मी म्हणालो, "घरघरीत बारीक सूर बुडतात."

हे वाक्य जसेच्या तसे लिहून घ्यावे. धुराबद्दल मी चकार शब्द काढला नाही. ते माझ्या डोक्यातच आले नाही, मी सुरांच्याच नादात होतो. जिवाला धोका आहे म्हणालो असतो तर दाजींनी निमूट ऐकले असते. मी आवडीनिवडीचे बोललो, आणि आवडीनिवडीत त्यांनी माझे कधीच ऐकले नव्हते. त्यांनी नुसती मान डोलावली.

जन्मभर गाडी चालवलेल्या माणसाला हे कळू नये का, असे साहेबांनी विचारले. त्यावर सांगतो की, दाजींनी जन्मभर मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवली. त्यांचा धूर नेहमी मागे राहत असे.

पंचनाम्यात डॅशबोर्डवर दोन कप, पैकी एक रिकामा व एक बशीने झाकलेला, अशी नोंद आहे. झाकलेला कप ताईचा. ताई तिथे गाणे ऐकायला कधी बसली नव्हती. "गाडी जागची हलत नाही आणि हे निघाले चालवत," असे म्हणून ती दार लावून घेत असे. काल तिने चहा केला तेव्हा दाजी म्हणाले, "आता फार सुरेख वाजतंय गं. आज तूही ये." ती आलेच म्हणाली. दाजी दोन्ही कप घेऊन गेले. शेजारच्या सीटवर एक उशी आहे, तिचीही नोंद घ्यावी. ताईची कंबर दुखते म्हणून ती त्यांनी ठेवली होती. मरायला बसलेला माणूस बायकोचा चहा निवू नये म्हणून झाकून ठेवत नाही.

ताई लगेच गेली नाही, कारण फोन आला. तो माझा होता. काही काम नव्हते. दाजी अजून ट्रक चालवतायत का, असे विचारून मी थट्टा करत होतो आणि ती हसत होती. ती म्हणाली, "तू कमाल केलीस बाबा, भिंतीपलीकडे वाजतंय पण काही म्हणजे काही ऐकू येत नाही." मी म्हणालो, "काम कोणाचं आहे!" मग बोलणे लांबत गेले. फोन ठेवून तिने दार उघडले तेव्हा गाणे चालूच होते.

मी फोन केला नसता तर ताई वेळेत दार उघडून ओरडली असती, की आत जाऊन त्या उशीला टेकून बसली असती, हे मला सांगता येत नाही. कालपासून मला दुसरे काही सुचत नाही. ताईने मला अजून काही विचारलेले नाही.

तिला भांडणाबद्दल पुन्हा विचारू नये एवढी विनंती आहे. विचारायचे ते मला विचारावे.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी एके ठिकाणी दाजी खोडून मयत केले होते, तिथे मी पुन्हा दाजी लिहवून घेतले. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून खाली सही केली.