अडुळसा खाणारी कोणती

महाडच्या गुरांच्या दवाखान्यात महिपती बैल धरून उभा होता. पुढे कापडे गावचा मुरारी, त्याची शेजारीण आवडी आणि तिच्या एका दाव्याला दोन पांढऱ्या शेळ्या.

"आवडीकाकी, अडुळसा कोन खाते येवढंच डॉक्टरला इचारायचं. जी खाते ती इकायची, पंचांनी सांगितलंय."

"शेळी अडुळशाला तोंड लावत नाय, म्हनून तर तू त्याचं कुंपन केलंस ना रे?"

"केलं. ते खाऊन ह्यातली एक आत शिरली नि वांगी बी खाल्ली."

"पंचांम्होरं पाला धरला, तवा एकीनं तरी हुंगला काय?"

"पाच मानसं टक लावून बसल्यावर कोन खाईल?"

"अरे, दोगी एका आयच्या, एका वेताच्या जुळ्या. एक खाईल नि एक नाय, असं कसं?"

"तुमी नि मैनामावशी बी एकाच आयच्या. ती कारलं मिटक्या मारत खाते, तुमी ताट सारता."

"म्हनून मैनेला कोन बाजारात नेतंय काय?"

महिपतीने दोन्ही तोंडं निरखली. दोन्ही सारखीच निरपराध होती. आपल्या बैलाला काय झालंय, ते मात्र त्याला आठवेना.

डॉक्टर बाहेर आले. सगळं ऐकून म्हणाले, "प्रत्येकीचं पोट वेगळं. एकीला अडुळसा मानवत असेल, दुसरीला नसेल. तोंड बघून मला कसं कळणार?"

"आता घ्या," मुरारी म्हणाला.

आवडीने पदर सावरला. "डॉक्टरसायेब, जिला मानवतो तिचा एकदम बंद केला, तर दूध आटंल काय?"

"कुनाचं, काकी?"

"दोगींचं."