चार फळ्या आन् दोन बिजागऱ्या

...सहा हात! वॉर्निशचे सहा हात दिले होते मी त्या टेबलाला. सहाच. का पाच? थांबा हां... पहिला हात दिला त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं, म्हणजे तो शनिवार. दुसरा दिला तेव्हा आलं नव्हतं, पण लातुरात पाणी न येण्यावरून वार कसा ओळखणार हो? जाऊ द्या. तुम्हाला सांगतो, या वयात आपल्याच आठवणीला जामीन राहायची भीती वाटते. तरी सहा धरून चाला. चुकलं तर शेवटी सांगतो.

आणि हा सगळा खटाटोप कशासाठी? तर चार फळ्या आन् दोन बिजागऱ्यांसाठी! हे वाक्य माझं नव्हे, आमचा मेव्हणा गुरुपादप्पा, त्याचं. त्याची डाळमिल आमच्या घराला लागून आहे, त्यामुळे तो घरातसुद्धा मिल चालू असल्यासारखाच बोलतो. "दाजी, त्यात काय एवढं! टेबल म्हंजे काय? चार फळ्या आन् दोन बिजागऱ्या!"

झालं असं, की आमची तनुजा मालवणला असते. जावई शिवशंकर तिथं बँकेत. मुलगा निलंग्याकडचा. लहानपणी एका ठिकाणी जास्तीत जास्त पाणी पाहिलं ते टँकरमध्ये! त्यानं तिथं जाऊन काय घ्यावं? शिडाची होडी! जुनी, छोटी, आत चार माणसं गुडघे आवळून बसतील एवढी खोली. तनुजा फोनवर आईला सांगत होती, आत एक घडीचं टेबल हवंय, कुठं मनासारखं मिळत नाही. फोन स्पीकरवर होता. आमच्याकडे फोन नेहमी स्पीकरवरच असतो, गल्लीला उगाच चुकल्यासारखं वाटायला नको. मी मागून म्हणून गेलो, "मी करतो!"

मला वाटलं रेंज गेली. मग नीलम्मा, म्हणजे आमची ही, फोनला म्हणाली, "तुजे बाबा? आगं, लग्नाला बेचाळीस वर्सं झाली, कॅलेंडर लटकवायला एक खिळा ठोकला न्हाई ह्या मानसानं!"

खरं आहे. खरं आहे म्हणूनच लागलं ना! छत्तीस वर्षं नांदेडला इंजिनिअरिंगच्या पोरांना मेकॅनिक्स शिकवलं, तुळईच्या समतोलावर पीएच.डी. केली, तुळई कुठं वाकेल ते कागदावर आजही सांगेन... पण हे हात? खडूशिवाय कशाला लागले नाहीत हो. मनात आलं, जायच्या आधी एक वस्तू, एकच, आपल्या हातची, धड उभी राहावी. डगमगू नये. जास्त मागतोय का मी? चार फळ्या आन् दोन बिजागऱ्या!

गेलो पाशामियाँ मिस्त्रींच्या दुकानात. आमच्या गल्लीतली दारं, पलंग, देव्हारे सगळे त्यांच्या हातचे. म्हणालो, "काम मी करणार, तुम्ही नुसतं बघायचं."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "सर, बगायचीच तर भीती वाटून राहिली."

मग मापं पाहिली, दाढी खाजवली आणि असा एक प्रश्न विचारला, असा विचारला, की माझ्या पीएच.डी.च्या परीक्षकांनीसुद्धा विचारला नव्हता. "सर, एक बात सांगा. नाव हलती ना? मंग टेबलानं बी हलायचं, का टेबलानं गप बसायचं?"

आता आली का पंचाईत! टेबल होडीबरोबर कललं तर वरचा कप घसरणार, नाही कललं तर टेबल आणि होडी यांची भांडणं. तीन दिवस बसलो, अकरा पानं गणित केलं, बाराव्या पानावर मला पहिल्या पानाबद्दल शंका आली. पाशामियाँनी पानं उलटी धरून मन लावून पाहिली. "माशाल्ला, लई भारी. पन सर, पाय किती लावू?"

शेवटी सोडवलं कुणी? नीलम्मानं! कणीक मळता मळता. "अवो, परातीला कड असती का न्हाई? म्हणून पीठ खाली सांडत न्हाई. तुमच्या टेबलाला बी कड लावा की." अकरा पानं गेली रद्दीत, टेबलाला बोटभर उंचीची कड आली.

सागवान घेतला. रंधा मारला, तो फळीवर कमी आणि अंगठ्यावर जास्त. बिजागऱ्या बसवल्या, आणि तुम्हाला सांगतो, अगदी मोजून, रेघ मारून, दोनदा तपासून... उलट्या बसवल्या! फळी खाली पडून मिटायची, ती वर उठून माझ्याकडं यायला लागली. पाशामियाँ म्हणाले, "सर, ह्ये टेबल तुमच्या गळ्यात पडून रडनार हाय." काढल्या. परत बसवल्या. या वेळी त्यांनी नुसतं बघितलं नाही, माझा हात धरून बघितलं.

आणि मग ते वॉर्निश! दिवस कुठले, तर नव्या तुरीचे. गुरुपादप्पाची मिल धडाडून चाललेली. गच्चीत टेबल ठेवलं, ब्रशनं आरशासारखा पहिला हात दिला, सकाळी पाहतो तर टेबलाला दाढी आलेली! तुरीचं भुसकट! बारीक, पिवळसर, प्रत्येक कण वॉर्निशमध्ये ठाण मांडून बसलेला. पॉलिश पेपरनं घासलं, दुसरा हात दिला, पुन्हा भुसकट. मच्छरदाणी लावली. मच्छर बाहेर राहिले, भुसकट आत! गेलो मेव्हण्याकडं, म्हटलं, एक दिवस, फक्त एक दिवस मिल बंद ठेव.

"दाजी!" ओरडलाच तो. "ऐन सीझनमदी? चार फळ्या आन् दोन बिजागऱ्यांसाठी?"

सहाव्या हाताला मी हरलो. म्हटलं राहू दे. वरून चमकत होतं, पण हात फिरवला की मांजराच्या जिभेसारखं खरखरीत. ही माझी हयातीतली एकमेव कलाकृती! आणि तिच्यात पाव किलो तूर.

आता चाचणी. समुद्र कुठून आणायचा लातुरात? पाशामियाँ म्हणाले, "सर, मुखेडची यष्टी हाय की." आणि तुम्हाला सांगतो, या माणसाला कुठल्या तरी विद्यापीठानं मानद पदवी दिली पाहिजे! मागची सीट धरली, मधल्या वाटेत टेबल उघडलं, वर पाण्यानं भरलेला स्टीलचा ग्लास. कंडक्टर आला. "आजोबा, दुकान लावून राहिले का?" म्हटलं, नाही हो, ही होडी आहे. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग पाशामियाँकडं बघितलं. पाशामियाँनी मान हलवली, म्हणजे 'ऐकून घ्या, घरचे लोक येतीलच.'

आणि मग सुरू झाला तो रस्ता! बस डावीकडं, आम्ही उजवीकडं, पाणी माझ्या धोतरावर, पण ग्लास? ग्लास जागचा हलेना! कडेपर्यंतसुद्धा गेला नाही! मी म्हटलं, वा रे कड! तेवढ्यात पुढच्या सीटवरच्या बाईंनी "ठिवू का जरा?" म्हणत भाकरी ठेवली, शेजारच्यानं ठेचा ठेवला, कुणी कांदा फोडला, टेबलाभोवती पंगतच बसली... आणि ड्रायव्हरनं म्हशीसाठी ब्रेक मारला. टेबल मिटलं! खाटकन! ठेचा माझ्या मांडीवर, कांदा पाशामियाँच्या टोपीत. बाई म्हणाल्या, "आता गं बया, गिळलं की भाकरीला!"

उतरल्यावर पाशामियाँ कांदा काढत म्हणाले, "खिट्टी लावावी लागंल सर. पन समुद्रात म्हशी ऱ्हातात का?" म्हटलं, मिस्त्री, मला आता कशाचीच खात्री नाही.

खिट्टी लावली. नीलम्मानं टेबलाला विभूती लावली, नारळ फोडला आणि टेबल मालवणला रवाना झालं. चार दिवसांनी तनुजाचा फोन. "बाबा, टेबल छान आहे!"

छान! संपलं! अहो, छत्तीस वर्षं पोरांच्या जर्नलवर मी काय लिहिलं? न वाचता? 'छान'! मला सांगता 'छान'चा अर्थ? डगमगतंय का, खिट्टी धरते का, खरखरीत लागतं का... विचारायची हिंमत झाली नाही. तिनं खरं सांगितलं असतं तर? सात वर्षं, सात वर्षं हो, तो 'छान' माझ्या घशात अडकून होता. मध्येच कळलं, होडी विकली. शिवशंकरला होडी लागते, हे त्याला होडी घेतल्यावर समजलं! "आणि टेबल?" "आहे बाबा, वापरात आहे." बस्स.

यंदा थंडीत मालवणला एकटाच गेलो. नीलम्माचे गुडघे प्रवासाला तयार नव्हते. सकाळी फिरायला म्हणून बंदरावर गेलो आणि पाहतो तर... टेबल! माझं टेबल! कड तीच, खिट्टी तीच. आणि वर? सुरमई! आडवी, हातभर लांब! आम्ही लिंगायत माणसं, घरात अंडं आलं नाही कधी; ज्याला विभूती लावली त्या सागवानावर एक मावशी खसाखसा मासे कापत होत्या!

मी आधी टेबलाचे पाय पाहिले. हलतात का? नाही हो. सुरा पडतोय, आणि टेबल ढिम्म! मी हळूच विचारलं, "मावशी, हे... डगमगत नाही का?"

"खंय!" त्या म्हणाल्या. "बँकेतल्या सायबान होडी इकल्यान, तेव्हा माका दिल्यान. दुसऱ्या फळ्येर मासो सुळकन घसारता. हेच्यार घसरणाच नाय! हात लावन बघा, कसा खरखरीत आसा. खयच्या सुतारान केल्यान काय माहीत, पण डोक्याचो माणूस!"

घर्षण! छत्तीस वर्षं दर जूनमध्ये शिकवलेला धडा! म्हणजे त्या दिवशी यष्टीत ग्लास धरला तो कडेनं नाही, गुरुपादप्पाच्या भुसकटानं! आणि हे मला कळलं कुठं, तर मासळी बाजारात.

एका कोपऱ्याला सुऱ्यानं टवका उडाला होता. चष्मा लावला, खाली वाकलो, वास आवरत थर मोजले. वॉर्निश, भुसकट, वॉर्निश, भुसकट... सहा. सहाच होते! सांगितलं होतं ना?

मग घरी फोन लावला. पलीकडं स्पीकर, म्हणजे अख्खी गल्ली. मागून मेव्हण्याचा आवाज, "दाजी, शाबूत हायत का चार फळ्या आन् दोन बिजागऱ्या?" नीलम्मानं विचारलं, "अवो, बगितलं का टेबल? पूजेबिजेला वापरतीय का पोरगी? कसं हाय?"

मी सुरमईकडं पाहिलं. म्हटलं,

"छान."