नोंद क्रमांक सहाशे तेरा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय शिवशंकरअप्पा, प्रमुख पाहुण्या पंचशीलाताई, वाचनालयाचे संचालक, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते धोंडप्पा सर, व्यासपीठावर बसायला तीनदा नको म्हणून शेवटी बसलेल्या कमलम्मा काकू, भोकरहून एवढ्या लांब आलेले रामलिंगमामा, आणि खुर्च्या संपल्यामुळे सतरंजीवर सामावून घेतलेले वाचकहो, सर्वांना नमस्कार आणि जयभीम.

सुरुवातीलाच एक विनंती. मागचं दार वाऱ्यानं आपटतंय आणि माइकमधून तो आवाज दुप्पट होऊन येतोय. कुणीतरी कडी लावून घ्यावी. आभारी आहे.

मी प्रियदर्शनी, मूळची नांदेडची. लातूरच्या एका कंपनीत स्कॅनिंगची यंत्रं सांभाळते. जुने नकाशे, एक्स-रे, फिल्मच्या पट्ट्या, जे काही उजेडासमोर धरता येतं ते आमच्या यंत्रात जातं. या वाचनालयातली जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करायला मी तीन आठवड्यांसाठी औश्याला आले होते. त्याला आता चौदा महिने झाले. कारण तिसऱ्या दिवशी धोंडप्पा सरांनी माझ्यापुढे एक जाडजूड वही ठेवली आणि विचारलं, "हे पण होईल का?"

माझ्याआधी बोललेल्या मान्यवरांनी सरांची एकतीस वर्षांची सेवा, त्यांचा नीटनेटकेपणा, संदर्भ विभागातली शिस्त यांबद्दल सांगितलं. ते सगळं खरं आहे. त्या वहीबद्दल मात्र कुणी बोललं नाही. संकोच वाटला असेल. संदर्भ विभागाचा प्रमुख फावल्या वेळात स्वस्तातल्या भुताखेतांच्या सिनेमांचा कोश तयार करतो, हे निरोपाच्या भाषणात कसं सांगायचं?

मी सांगते. त्या कोशात नऊशे चौतीस नोंदी आहेत. यातले बहुतेक सिनेमे तुम्हाला दुसरीकडे कुठे सापडणार नाहीत. ते जत्रेतल्या तंबूंत आणि व्हिडिओ पार्लरमध्ये चालायचे. भोकरला एका नावानं, उदगीरला दुसऱ्या आणि निलंग्याला तिसऱ्याच. म्हणून सरांनी नावाचे तीन रकाने आखले. पुढे रिळं किती, कुठे तुटलं, भूत कसं केलं आणि रक्त कशाचं. एका नोंदीत लिहिलंय, "भूत पांढऱ्या साडीत. पाय उलटे आहेत, पण चपला सुलट." दुसऱ्या एकीत, "मृत अकरा, पैकी दोघे श्वास घेताना दिसतात." हसा, सरांनीही लिहिताना हसून घेतलं असेल. पण त्यांनी कुठल्याही सिनेमाची टिंगल केलेली नाही. ज्या माणसानं भाड्यानं कॅमेरा आणून, कुंकवाचं पाणी करून, शेजारच्या बायकांना उभं करून सिनेमा काढला, त्याच्याही कामाला सर तेवढाच रकाना देतात.

मला या वहीनं का धरून ठेवलं, हेही सांगायला हवं. मी नऊ वर्षांची असताना मावशीच्या घरी केबलवर एक सिनेमा पाहिला होता. पिठाच्या गिरणीत दळण चालू असतं, खाली डब्यात पीठ पडत असतं, आणि त्या पिठातून एक हात वर येतो. बांगड्यांसकट. नंतर घरी सगळ्यांनी सांगितलं की असला सिनेमाच नाही, तुला ताप होता. पुढे मी इंजिनियर झाले, पण गिरणीत आजही पाऊल टाकत नाही. सरांच्या वहीत नोंद क्रमांक दोनशे आठ वाचली. "गिरणी. पिठातून हात. बांगड्या हिरव्या, सहा." खाली दोन सह्या, एक देगलूरची, एक किल्लारीची. मी खुर्चीत बसून राहिले. मला ताप नव्हता, हे मला वीस वर्षांनी कळलं.

असा कोश कशासाठी, असं विचारणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर आहे. एकट्यानं पाहिलं की तो भास ठरतो. दोघांनी पाहिलं की नोंद होते.

सरांचा नियम त्यावरच उभा आहे. प्रत्येक नोंदीला दोन साक्षीदार, वेगवेगळ्या खेळांचे, शक्यतो वेगवेगळ्या गावांचे. पहिल्यानं काय पाहिलं ते चिठ्ठीवर लिहायचं. सर ती चिठ्ठी घडी घालून सुईदोऱ्यानं शिवून टाकतात. दुसरा साक्षीदार मिळाला की तो आपली चिठ्ठी लिहितो. मगच दोरा कापायचा आणि दोन्ही शेजारी ठेवायच्या. जुळलं तर नोंद पक्की. आणि ज्या नोंदीला दुसरा साक्षीदार मिळणार नाही, तिच्यावर सर निवृत्तीच्या दिवशी लाल शाईनं रेघ मारणार, हेही पहिल्या पानावर लिहिलेलं आहे. अशा एकोणीस नोंदी उरल्या होत्या. आज सकाळी सरांनी अठरांवर रेघ मारली. मी बघत होते.

एकोणिसावी म्हणजे सहाशे तेरा. तिचा पहिला साक्षीदार सर स्वतः आहेत.

यापुढचं सांगायची परवानगी मी काल त्यांच्याकडून घेतली आहे. ते म्हणाले, "नोंदीत आहे ते सगळं सांगायचं. नोंदीत नाही ते कमलम्माला विचार."

नोंदीत आहे ते असं. सन एकोणीसशे पंच्याण्णव. सर ग्रंथालयांच्या शिबिरासाठी भोकरला गेले होते आणि तिथल्या जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहायला बसले. बारवेचा प्रसंग होता. नायिका दिवा घेऊन पायऱ्या उतरते. अचानक आवाज गेला. पडद्यावर एक वेगळीच बाई आली, सरळ समोर बघू लागली आणि काहीतरी बोलली. "एक श्वास घेऊन सोडावा एवढा वेळ," असं सरांनी लिहिलंय. मग आवाज परत आला आणि नायिका पायऱ्या उतरतच होती. दुसऱ्या दिवशी सर शिबिर सोडून तोच खेळ पुन्हा बघायला गेले. ती बाई नव्हती. त्यांनी ऑपरेटरला विचारलं. ऑपरेटर म्हणाला, असलं काही नव्हतंच.

ती बाई कोण, हे नोंदीत नाही. म्हणून मी काकूंना विचारलं.

सरांच्या घराच्या दाराला कडी नाही, हे औश्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर विनोदही होतात. मी पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा शेजारचं मांजर आमच्याआधी पाटावर येऊन बसलं होतं. काकू म्हणाल्या, "बस माय, ते बी घरचंच हाय. आमच्याकडं चोराला बी वाटतं, हितं काय ठेवलं असंल." मी तेव्हा हसले. कडी का नाही, हे विचारलं नाही. गेल्या महिन्यात विचारलं, तेव्हा काकू तुरी निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी सांगितलं.

सरांना एक मोठी बहीण होती, गौरम्मा. सर त्यांना अक्का म्हणायचे. घरात वडील आणि अक्का कानडीत बोलायचे. सीमेजवळच्या घरांत असतंच ते. गावात एक सिनेमा कंपनी शूटिंगला आली आणि अक्का त्या कंपनीबरोबर निघून गेली. वर्षभरानं एका दुपारी ती परत दारात येऊन उभी राहिली. वडिलांनी सरांना कडी लावायला सांगितली. सर तेव्हा बावीस वर्षांचे होते. त्यांनी लावली.

"भाईरून ती काय तरी बोलली," काकू म्हणाल्या. "काय बोलली ते मला लग्नाला बत्तीस वर्षं झाली, सांगितलं न्हाई. सासरे गेले त्या दिवशी ह्यांनी स्क्रू काढले अन् कडी उचकटून टाकली."

अक्का पुन्हा कुणाला दिसली नाही. दिसली ती भोकरच्या तंबूत, एक श्वास घेऊन सोडावा एवढा वेळ. दिसली की नाही, हेच सर तीस वर्षं विचारत आले. उरलेल्या नऊशे तेहेतीस नोंदी, माझ्या मते, त्या एका नोंदीचा साक्षीदार शोधता शोधता झाल्या. सर, हे मत चुकीचं असेल तर दुरुस्त करा. मान हलवत नाही आहात, म्हणजे पुढे जाते.

मी फिल्मची माणसं शोधायला लागले. भोकरच्या त्या तंबूचे ऑपरेटर रामलिंगमामा मला मार्चमध्ये सापडले. मामांनी आधी नाहीच म्हटलं. मग चहा झाला. मग सांगितलं की रीळ तुटलं की मधला खराब भाग काढून जोड द्यायचा असतो, पण त्या दिवशी भाग फारच मोठा गेला आणि लोक शिट्ट्या मारायला लागले, म्हणून डब्यातला हाताला आला तो तुकडा मध्ये जोडला. एक कंपनी शूटिंग अर्ध्यात टाकून पळाली होती, तिचे तुकडे त्या डब्यात पडले होते. मालकाला कळलं असतं तर नोकरी गेली असती, म्हणून सरांना खोटं सांगितलं. मामा, तुम्ही आज हे चारचौघांत सांगू दिलंत, त्याबद्दल आभार.

मी विचारलं, दुसऱ्या दिवशी तो तुकडा काढला का? मामांचं उत्तर मी शब्दशः लिहून घेतलं आहे. "लोकं पडद्याकडं बघून राहिले व्हते, ताई. म्या तर मागं, केबिनीत. अन् ती बाई माझ्याकडंच बघून राहिली व्हती."

त्यांनी तुकडा काढला, पण फेकला नाही. बिस्किटाच्या डब्यात ठेवला. डबा त्यांच्या घरात तीस वर्षं होता आणि कुणी उघडला नाही.

मी तो स्कॅन केला. एकशे सात फ्रेम. चोवीसच्या वेगानं चार सेकंद आणि वर अकरा फ्रेम. मी मोजून पाहिलं, शांतपणे श्वास घेऊन सोडायला मला तेवढाच वेळ लागतो. आता एक तांत्रिक गोष्ट सांगते, ती कृपया लक्षात ठेवा. सिनेमाच्या फिल्मच्या कडेला आवाजाची एक बारीक पट्टी असते. या तुकड्याला ती नाही. शूटिंगचा कच्चा तुकडा आहे, त्यावर आवाज कधी चढलाच नव्हता. माझ्या फाइलमध्येही आवाज नाही.

अकरा एप्रिलला, सकाळी साडेअकरा वाजता, मी खाली संदर्भ विभागात एकटी होते. वीज गेली होती, पंखे बंद होते, लॅपटॉप बॅटरीवर होता. मी तुकडा चालवला. एकदाच. मग चिठ्ठी लिहिली, घडी घातली आणि स्वतः शिवली. मला शिवता येत नाही, टाके वेडेवाकडे आहेत. काकूंनी दाराची आणि अक्काची सगळी कहाणी मला त्यानंतर, मेमध्ये सांगितली. हा क्रम महत्त्वाचा आहे.

सरांना मी तुकडा दाखवते म्हटलं. ते म्हणाले, "आधी चिठ्ठ्या." म्हणजे आज.

अध्यक्ष महोदय, आपल्यासमोर दोन चिठ्ठ्या आणि कात्री ठेवली आहे. पिवळी पडलेली सरांची आहे, तिचा दोरा एकोणीसशे पंच्याण्णवचा. आधी माझी उघडावी आणि मोठ्यानं वाचावी, ही विनंती.

धन्यवाद. मागे ऐकू आलं नसेल, म्हणून पुन्हा सांगते. माझ्या चिठ्ठीत असं आहे. "बाई तिशीच्या आतली. कपाळावर विभूती. समोर बघते. आवाजाची पट्टी नाही. तरी आवाज ऐकू आला. अर्थ कळला नाही, ऐकले तसे लिहिते. बागला हाकब्याड." मला कानडी येत नाही. याचा अर्थ मी आजपर्यंत कुणालाही विचारलेला नाही, कारण विचारलं असतं तर मी साक्षीदार राहिले नसते.

आता सरांची, अप्पा.

सावकाश. कागद जुना आहे.

तुम्ही वाचता वाचता थांबलात, तर मी पूर्ण करते. "अक्का. कपाळावर विभूती. आवाज गेलेला होता. तरी ऐकू आलं. दारात म्हणाली होती तेच. बागला हाकब्याड. दार लावू नको."

सर, तुम्हाला ताप नव्हता.

नोंद क्रमांक सहाशे तेरा, दुसरा साक्षीदार, प्रियदर्शनी, औसा. मी सही करते. लाल शाईचा पेन मी माझ्याकडे ठेवून घेते. हे कसं घडलं, हे मला विचारू नका. कोशात त्याला रकाना नाही आणि मी स्वतःहून आखणार नाही. जे दिसलं आणि जे ऐकू आलं, तेवढंच आम्ही लिहितो.

वेळ दिल्याबद्दल अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कुणाच्या घरातलं न सांगण्यासारखं सांगितलं गेलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घालावं. एक चूक मात्र मी स्वतःच दुरुस्त करायला हवी. सुरुवातीला मी मागच्या दाराला कडी लावायला सांगितली होती.

ते दार आता वाऱ्यानं आपटत नाहीये. तरी कुणीतरी उठून उघडावं. राहू द्या उघडंच.