पुसलेले पंखे

नाही, हॉलिंगरबाई, आधी बसा, ती खोकी तिथे टेबलावर ठेवा आणि पुन्हा एकदा सांगा — स्वच्छ केलेत? पंख्यांच्या दांड्या पुसल्यात, सगळ्या, औषधात बोळे बुडवून, तुमच्या संग्रहालयातल्या त्या तज्ज्ञाकडून? आणि भिंतीवर पुन्हा टांगण्याआधी मला दाखवायला म्हणून अटलांटाहून इथवर, मेकनला, गाडी हाकत आणलेत. मी, वर्लीन, खूश होईन म्हणून. बरं. अहो, पुठ्ठ्याचा पंखा, पाठीवर अंत्यविधी करून देणाऱ्या दुकानाची जाहिरात — आमच्या चर्चमध्ये फुकट वाटतात तो, त्यात मोलाचं काय? वरची चित्रं? ती मी काढलीत, पुन्हा काढीन. मोलाचा होता तो मळ. प्रवचन रंगात आलं की बायकांचे अंगठे जिथे दाबले जातात तिथे दांडी काळी पडत जाते, उन्हाळ्यामागून उन्हाळे — ते होतं माझं काम. बाकी नुसती सजावट.

न्यूयॉर्कला मला कोणी चित्रकार म्हणेना, कारण मी गाते. गायिका म्हणेना, कारण मी शिवते. शेवटी तुम्हीच तो ‘आंतरशाखीय’ शब्द मला चिकटवलात. लुएलामावशी ऐकून म्हणाली, “म्हणजे पोरी, एकही धंदा धड जमला नाही होय?” — हसा, मीही हसले होते. पण त्याच मावशीने हातातला पंखा काढून दिला, साऱ्याजणींनी दिले, आणि स्वतः उकाड्यात बसल्या. ‘ने, आमचे हात दाखव जगाला’ म्हणाल्या. त्यांना आता मी काय दाखवू?

आणि दुसऱ्या रांगेतला तो निळा, तो माझ्या गेलेल्या आईचा. नाही, सांगितलं नव्हतं मी, कशाला सांगू? विचारा तुमच्या पहारेकऱ्याला — सहा वर्षं ते तुमच्याकडे टांगलेले, आणि एक बाई यायची, आसपास कोणी नसलं की त्या दांडीवर अंगठा टेकवून उभी राहायची. “बाई, कलाकृतीला हात लावू नका” म्हणून हटकलंय त्याने मला. माझ्याच — असो. माझा अंगठा तिच्याएवढाच आहे, नेमका बसायचा. तेवढं पुरे.

काय म्हणालात? शुक्रवारी प्रदर्शनाचं उद्घाटन, मधली भिंत रिकामी दिसेल? दिसू दे. माझी सारी कारकीर्द मांडताय ना, मग हेही मांडा. पुन्हा कोणी बोलावणार नाही? नका बोलावू. पंखे इथेच राहतील. उद्या रविवार, चर्चच्या बाकांवर परत जातील, आणि मळायला जितकी वर्षं लागायची तितकी लागोत — नाही, तो निळा ठेवा खाली. तो मी धरणार आहे. निघा आता, दार ओढून घ्या.