थेंब थेंब

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी दोघीजणी बसल्या होत्या. सिल्लोडच्या लक्ष्मीबाईंच्या मुलाचं, सुदर्शनचं, आतडं फुटून कालच ऑपरेशन झालं होतं. कन्नडच्या कस्तुराबाईंचा नवरा दहा दिवसांपासून आत होता.

"डॉक्टर म्हणतेत, आजपासून नाकातल्या नळीनं पोटात खाणं सोडू. कालच पोट फाडलंय. टाके उसवले तर?" लक्ष्मीबाईंनी विचारलं.

"आमच्या मालकांच्या वक्ताला मी बी नको म्हणलं होतं."

"मग?"

"सिस्टर म्हणली, मावशी, आतडं रिकामं ठेवलं तर दुबळं पडतं. थोडं थोडं देऊ, सोसलं तर वाढवू. मला पटलं. आमच्या मेंढरांत अशक्त कोकरू दूध ओढंना, तर आम्ही बी थेंब थेंबच पाजतो."

"तरास नाय झाला?"

"दुसऱ्या दिशी पोट फुगलं. त्यांनी थांबवलं, मग हळू सुरू केलं. आज सकाळी नळी काढली. मी चमच्यानं पेज पाजली."

"गिळली?"

"गिळली. वर म्हणले, मीठ कमी हाय. बावीस वर्सं माझ्या सैपाकाला नावं ठेवतेत, मी बी भांडते. आज नाय भांडले."

दोघी हसल्या. तेवढ्यात सिस्टर दारात आली.

"सुदर्शनचं कोण आहे? नळीनं खाणं सुरू करायचंय. काय ठरलं तुमचं?"

लक्ष्मीबाई उठल्या.

"मी आई. करा सुरू. पण पहिला घास जाईल तव्हा मला त्याच्यापाशी उभं राहू द्या."

"या, चप्पल इथंच काढा."