समोरासमोरच्या नख्या

माहेर माजं युसूफ वडगावचं. बाप सोनार, आन त्यातबी खडे बसवणारा, त्याच्यासारका हात आमच्या भागात दुसरा नव्हता, हे लेक म्हणून सांगत न्हाई. आमी तिगी बहिणी, भाऊ न्हाई, मग त्यानं मलाच जवळ बसवलं. काय सांगू तुमाला, बाकीच्या पोरी भाकरी थापायला शिकल्या तवा मी खड्याचं घर कोरायला शिकले. घर म्हणजे खडा बसतो ती सोन्यातली जागा. लोक खडा बघतात वो, त्याला धरून ठिवणाऱ्या नख्यांकडं कुणी बघत न्हाई. बाप म्हणायचा, नख्या समोरासमोरच्या दाबायच्या, इकडची एक दाबली का लगेच तिकडची, एकाच अंगानं दाबत गेलं की खडा कलतो. आन पाचू असला तर तडकतोच, लई नाजूक जात.

लग्न होऊन गेवराईला आले. सासऱ्याचं बी सोनाराचंच दुकान, त्यांना आमी मामा म्हणतो. आमच्या मालकाला, म्हणजे नवऱ्याला, ह्या कामाची गोडी न्हाई, ते मोबाइल दुरुस्त करतात. मामांचा हात थरथराय लागलता, तरी मला गादीवर बसू देईनात. सून बसली तर गिऱ्हाईक काय म्हणंल, म्हणायचे. मी आत्तून बघायची, नुसता जीव जळायचा.

एक दिवस कडा गावच्या रिटायर मास्तरीणबाई आल्या. त्यांच्या आईची पाचूची अंगठी, खडा मामांनीच दोन डाव बसवलेला, तरी हलतोच. मामा नख्या आवळाय लागले आन मला राहवलं न्हाई. भायेर आले, अंगठी घेतली, कानापाशी धरून टिचकी मारली, खडा आत खुळखुळला. म्हणलं, मामा, दाबू नका, तडकंल. मामा लालेलाल, कावून गं, तुला लई कळतं? बाई म्हणल्या, कळत असंल तर करू द्या की तिला.

बसले. नख्या उचलल्या, खडा काढला, भिंगातून बघितलं तर घर एका अंगाला खोल गेलतं. गिऱ्हाइकासमोर कसं बोलू? अंगठी आन भिंग मामांच्या हातात दिलं. त्यांनी लई वेळ बघितलं. मग मी उथळ बाजू कोरून घर सारखं केलं, खडा बसवला, समोरासमोर चारी नख्या दाबल्या, पदरावर घासून बघितल्या, एक धागा अडकला न्हाई. बाईंनी कानाला लावून हलवली, आवाज न्हाई. त्या माजं कवतिक कराय लागल्या तर मामाच म्हणले, बाई, चूक माजी हुती, घर मीच वाकडं कोरलतं. एवढा मानी माणूस, पर बोलला. माज्या डोळ्यात पाणीच आलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर मामा गादी सोडून बाजूच्या खुर्चीवर.

आता गादीवर मीच असते. मामा खुर्चीवरून गिऱ्हाइकाला सांगतात, आमच्या सुनंनं बसवलाय, तुमी मेलात तरी खडा पडायचा न्हाई. मी म्हणते, मामा, असं बोलू नये गिऱ्हाइकाला. ते ऐकत्यात व्हय! बोलू द्या, शंभर वर्सं बोलू द्या त्यांना.