सात नंबरची बाटली

— नाही, हात लावू नका. सरांची चिठ्ठी आणलीत ना, असू दे. तुमच्या प्रयोगशाळेला नमुना हवा, तर काढून मीच देणार. सरांना बाटली कुठल्या फळीवर आहे तेही ठाऊक नसेल, विचारा हवं तर! एकोणीस वर्षं हे शेवाळ मी जगवलंय — हो, मी शेवाळच म्हणते, तुम्ही खुशाल सायनोबॅक्टेरिया म्हणा — दर तीन आठवड्यांनी नवं पाणी, दिवे, तापमान, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. आणि सरांच्या त्या छापून आलेल्या लेखात मी कुठे? अगदी शेवटी, 'कर्मचाऱ्यांचे आभार'. कर्मचारी! मला काय नाव नाही?

आणि मला काही कळत नाही असं समजू नका हं. बारा जनुकं एका ओळीत, खांद्याला खांदा लावून — एकेक जण एकेक मणी ओवतो आणि शेवटी जी इवलीशी माळ होते, तुमचं ते पेप्टाइड, तेच विष. ज्या तळ्यातून हे आणलं तिथलं पाणी पिऊन गुरं मेली होती. आता सरांचा शोध काय? तर सात नंबरमध्ये पहिल्या वर्षी बारा मोजली होती, आता नऊच. इथे बाटलीत खायला कोण टपलंय, मग विष हवंय कशाला, म्हणून तीन गळाली — डोळ्यांसमोर उत्क्रांती! डोळ्यांसमोर म्हणे. कुणाच्या? ते या खोलीत वर्षातून दोनदा येतात, तेही फोटोपुरते.

सहा वर्षांपूर्वी माझी आई गेली. रजेचा अर्ज घेऊन गेले, तर काय म्हणाले माहितीये? 'बाटल्यांकडे कोण बघणार?' अहो, आई गेली होती माझी! — मी गेलेच. कुणाला न सांगता, अकरा दिवस. परत येऊन दार उघडते तर एसी बंद, खोलीची भट्टी झालेली. बाकीच्या कशाबशा तगल्या होत्या, पण दिव्याला चिकटून असलेली सात नंबरची — पांढरीफटक. खलास. आणि खिडकीखालची नऊ नंबरची मस्त हिरवीगार. मग काय करायचं होतं मी? जाऊन सांगू, नोकरी घालवू? दोन्ही एकाच तळ्यातल्या, दिसायला सख्ख्या बहिणी — नऊमधलं थोडं घेतलं आणि सातमध्ये —

असं काय बघताय?

गळाली असतील की ती तीन जनुकं, मी कुठे नाही म्हणते! पण ती नऊ नंबरवालीची, आणि गळाली ती तळ्यात, तुम्ही-आम्ही जन्माला यायच्या हजारो वर्षं आधी. इथे नाही. नऊ नंबरची कुणी कधी तपासलीच नाही. तुम्ही तपासणार — तोंडावरच दिसतंय तुमच्या.

लिहा, लिहा. बाईने बाटली बदलली, लिहा. पण त्या अर्जावर सरांनी स्वतःच्या हाताने 'नामंजूर' लिहिलंय, तो आहे माझ्याकडे, घडी घालून ठेवलाय — तो जोडाल सोबत? बोला की! जोडाल?

नाही ना. मग उठा. मला अजून चाळीस बाटल्यांचं पाणी बदलायचंय.